खालची पट्टी

पाचगणी,
६ एप्रिल २०२५, रामनवमी

अगं,

तुझा फोन येऊन गेला त्याला तीन आठवडे होत आले. हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही, पत्रच लिहीन, असं मी म्हटलं तेव्हा तू हसलीस. ‘तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा माझं पोरगं रांगत होतं,’ म्हणालीस. ते रांगणारं पोरगं आता एडमंटनमध्ये फावड्यानं बर्फ उपसतं आणि मला ‘मावशी, हाऊ आर यू’ विचारतं. तेव्हा कबूल, उशीर झाला. पण आज सुट्टी आहे, पेपरांचा गठ्ठा तपासून झालाय आणि शेजारच्या वहिनींनी सकाळीच वाटीभर सुंठवडा आणून दिलाय. तो चिमटीचिमटीनं खात लिहितेय. कागदावर डाग दिसला तर तो सुंठवड्याचा आहे. ‘बिचारी रडत लिहीत होती’ असं घरभर सांगत सुटू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

आधी गावची खबर. सिल्व्हर ओक फुललेत, सगळ्या रस्त्यांवर ते केशरी तुरे पडलेत. टेबललँडवरचं गवत वाळून गेलंय आणि घोडेवाले तंबाखू मळत बसलेत, कारण परीक्षा संपेपर्यंत गर्दी नाही. स्ट्रॉबेरी आवरत आली. शेवटशेवटची ती बारीक, फार गोड फळं आपण भिलारच्या रस्त्याला भाव पाडून घ्यायचो ना, तीच आता उरलीत. भाव पाडायचीस तू, पळायला लागायचं मला. त्याच भिलारला २०१७ साली सरकारनं पुस्तकांचं गाव केलं, घराघरांत कपाटं लागली. स्ट्रॉबेरीवाल्यांच्या ओसरीवर बसून कादंबरी वाचता येते, असं आपल्याला चौदाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर आपण घरी परतलोच नसतो. पसरणी घाट रुंद झाला तरी तुला जिथं मळमळायचं ते वळण तसंच आहे. मी दर वेळी तिथून जाताना तुझं नाव घेते. देवाचं घ्यावं तसं नाही, तोंडावर पिशवी धरून घ्यावं तसं.

आता तुझ्या फोनचं. १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून पेटलं, आणि दुसऱ्या दिवशी तुझा फोन. ‘तुमच्याकडे सगळं ठीक ना?’ तुला सांगते, तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. नागपूर इथून आठशेएक किलोमीटरवर, हे तुला माहीत आहे आणि तरीही तुला राहवलं नाही, हेही मला कळतं. पण फोन ठेवल्यावर काहीतरी टोचत राहिलं. भांडी घासताना कळलं काय ते. तू ‘तुमच्याकडे’ म्हणालीस.

मी पडले मराठीची मास्तरीण, मला सर्वनामं टोचतात. दर जूनमध्ये वसतिगृहातल्या पोरांना शिकवते, की बाळांनो, मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर आणि ‘आपण’ म्हटलं की आत. दुबईहून, उत्तरेकडून आलेल्या पोरांना हे समजावताना घाम फुटतो, त्यांच्या भाषेत एका ‘हम’मध्ये नाहीतर एका ‘वी’मध्ये सगळं भागतं. तू गेलीस तेव्हा पहिली कितीतरी वर्षं विचारायचीस, ‘आपल्याकडे पाऊस लागला का गं?’ मग ‘आपल्याकडे’चं ‘तुमच्याकडे’ कधी झालं? तू कॅनडाची झालीस म्हणून झालं असेल तर हा सगळा परिच्छेद मी मागे घेते, वर तुला आल्याची वडी पाठवते. पण नागपूर आणि मी यांना जोडणारी दुसरी कुठली तार तुला दिसली असेल, तर मात्र बस, थोडं बोलू.

२०२३च्या सप्टेंबरात तू विचारलंस ते निराळं होतं. पुसेसावळी आपल्याच जिल्ह्यातली, खटाव तालुक्यातली. समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर गेला आणि एक तरुण जिवानिशी गेला. जिल्ह्यातलं नेट बंद होतं. ते सुरू झाल्यावर तुझे सतरा मेसेज धडाधड पडले. आधी प्रश्न, मग शिव्या आणि शेवटचा नुसता ‘बोल ना’. तो मी अजून पुसलेला नाही. त्या दोन रात्री आम्ही दिवे मालवून जागे होतो, आणि पलीकडच्या घरात वहिनीही दिवा मालवून जाग्या होत्या. हे त्यांनी मला खूप दिवसांनी सांगितलं, लोणच्याच्या फोडी करता करता.

यंदाची गोष्ट जरा विनोदी आहे, म्हणून ती सांगते. ‘छावा’ सिनेमा लागला तेव्हा आम्ही शिक्षकखोलीतल्या बायका गाडी करून साताऱ्याला गेलो. शिवाजी सावंतांची ती कादंबरी मी तुमच्याच घरातून ढापली होती, आठवतं? तुझ्या आईनं कपाट पालथं घातलं आणि मी साळसूदपणे शोधू लागले. अजून माझ्याकडेच आहे, मागू नकोस. तर शेवटच्या अर्ध्या तासात मी जी रडायला लागले ती थांबेचना. बाहेर आल्यावर एक नवी शिक्षिका, अगदी गुणी मुलगी, माझा हात धरून हळूच म्हणाली, ‘मॅडम, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?’ मी म्हटलं, ‘अगं, वाईट वाटलं म्हणून तर रडले!’ ती गोंधळली. ‘नाही, म्हणजे तसं नाही, म्हणजे तुम्हाला...’ पुढचा शब्द तिला सापडेना. येताना तिनं मला खिडकीची जागा दिली आणि घाटभर लिमलेटच्या गोळ्या दिल्या. माझ्या अश्रूंचा मालक कोण, महाराज की बादशहा, याचा निकाल मात्र घरी पोचेपर्यंत लागला नाही.

बादशहाचं म्हणशील तर त्यानं १७०० साली आपला अजिंक्यतारा घेतला आणि त्याचं आझमतारा केलं. तेव्हा आमचे मुलाणी पूर्वज काय करत असतील? गावगाड्यातलं आपलं काम. जत्रेला बकरं कापायचं, बिस्मिल्ला म्हणायचं, सुगीला बलुत्याची पेंढी उचलायची. दादी लुगडं नेसायची आणि जात्यावर बसली की विठ्ठलाचं नाव तिच्याही तोंडी यायचं. औरंगजेबाकडून आमच्या सातबाऱ्यावर अर्धा गुंठाही आलेला नाही. पण त्याच्या नावानं हिशेब मागायची वेळ आली की वारस आम्ही.

मग मी काय करते, तुला सांगते. साक्षीदार बोलावते. सगळ्यांत जास्त राबवते सिद्दी इब्राहिमला. महाराजांच्या दहा अंगरक्षकांतला तो. १० नोव्हेंबर १६५९ला एकदाच प्रतापगडावर उभा राहिला आणि सुटला असं त्याला वाटलं असेल, पण माझ्यासाठी तो वर्षातून चारदा गड उतरून येतो. अफझलखानाकडून बोलणी करायला कृष्णाजी भास्कर होता, हे लगेच जोडीला. २०२२ साली त्याच तारखेला गडाच्या पायथ्याचं, खानाच्या कबरीभोवतीचं बांधकाम पाडलं तेव्हा पहाटेपासून गाड्या वर चालल्या होत्या, पोलिसांच्या आणि चॅनेलांच्या. त्या दिवशी बिचाऱ्या इब्राहिमच्या दोन पाळ्या झाल्या. एक शिक्षकखोलीत आणि एक दूधवाल्यासमोर. दूधवाल्यानं तर काही विचारलंही नव्हतं. तो पैसे सुटे मागत होता.

इब्राहिमनं भागलं नाही तर आरमारातला दौलतखान, मग फारसी पत्रं लिहिणारा काझी हैदर. समोरचा विज्ञानवाला असेल तर अब्दुल कलाम, क्रिकेटवाला असेल तर आपला श्रीरामपूरचा झहीर खान. पुरोगामी निघाला तर हमीद दलवाई. आणि इथं मला माझीच लाज वाटते. १८ एप्रिल १९६६ला या माणसानं फक्त सात बायका बरोबर घेऊन मुंबईत तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा नेला. आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की अब्बा विषय बदलायचे. पण अम्मीच्या एका मावशीला तीन शब्दांत माहेरी धाडलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिच्या ट्रंकेत, जरीच्या साडीच्या घडीत पेपरातला दलवाईंचा फोटो होता. त्या बाईसाठी जो माणूस लढला, त्याला मी ‘बघा, आमच्यातही चांगले असतात’ म्हणून दाखवायला काढते. दलवाई आमच्याशी भांडत होते गं. आमच्या चारित्र्याचा दाखला म्हणून ते जन्मले नव्हते.

ही सवय जुनी आहे, तुझ्यादेखतची. १९९० साली यू. म. पठाण पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वाईच्या कॉलेजात सरांनी वर्गात ही बातमी सांगितली आणि अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. जणू श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासूनच्या सगळ्या संतवाङ्मयाचा अभ्यास मीच केला होता. आणि तू! तू उठून टाळ्या वाजवल्यास, मूर्ख कुठली. मी त्या दिवशी हरखूनच गेले होते, खोटं कशाला सांगू. त्यानंतर पस्तीस वर्षं लोक मला सांगतात, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो.’ पालकसभेत तर हमखास. मराठीच्या बाईंना भेटायचंय म्हणून आलेले पालक माझ्या डोक्यावरून मागं बघत राहतात, मराठीच्या बाई अजून यायच्यात अशा बेतानं. माझं नाव कळलं की, ‘अरे वा! असूनही...’ ते ‘असूनही’ माझ्या नावाला असं चिकटलंय की लग्नपत्रिकेत छापलं असतं तरी चाललं असतं.

मागच्या हिवाळ्यात तुझ्या ऑफिसातल्या त्या बाईनं तुला ‘युवर इंग्लिश इज सो गुड’ म्हटलं म्हणून तू तासभर धुसफुसत होतीस ना? ‘मी वीस वर्षं इथं टॅक्स भरते,’ वगैरे वगैरे. मी इकडून ‘हो ना, काय बाई तरी’ करत होते, आणि मनातल्या मनात खुदखुदत होते. तेव्हा बोलले नाही, कारण तुझं रडं मोडायचं नव्हतं. आता बोलते. ये बाई, बस माझ्या बाकावर. जागा आहे.

अब्बा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. कंडक्टरची, तिकिटांची. तू तिच्यातलं पंचिंगचं चिमट्याचं हत्यार पळवलं होतंस आणि वहीच्या पानांना भोकं पाडली होतीस. निवृत्तीनंतर अब्बा त्या पेटीत कात्रणं ठेवायचे. ८ सप्टेंबर २००६ला मालेगावात शुक्रवारी, शब-ए-बरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. गेले ते बहुतेक मुसलमान, आणि पकडले तेही नऊ मुसलमान. त्या अटकेचं कात्रण पंजाएवढं आहे, चेहऱ्यांसकट. त्याला टाचणीनं दुसरं लावलंय, २५ एप्रिल २०१६च्या निकालाचं. न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं, तोवर नवांतला एक जण वारलाही होता. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात ही बातमी अब्बांना आतल्या पानावर सापडली, एसटीच्या तिकिटाएवढी. मला दोन्ही शेजारी धरून दाखवली आणि म्हणाले, ‘देख बेटा, जायचं तिकीट फाडलं, परतीचं फाडलंच नाही.’ आयुष्यभर तिकिटं फाडली, त्यांना दुसरी उपमा कुठून सुचणार?

पेटीत नुसती तक्रारीची कात्रणं नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर तिथल्या मुस्लिम संस्थांनी हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली, त्या बातमीखाली अब्बांची लाल रेघ आहे. आणि सगळ्यांत वरचं कात्रण ऑगस्ट २०२०चं. त्या वर्षीचा एप्रिल तुला आठवतो? निझामुद्दीनच्या मरकजची बातमी दिवसरात्र चालू होती, आणि करोना म्हणजे आम्हीच आणलेला, असा सूर लागला होता. अब्बांना धुक्यातला जुना खोकला. कंडक्टर असताना सगळ्या घाटानं ऐकलेला तो खोकला, पण त्या महिन्यात ते गॅलरीत खोकायचे नाहीत. आत येऊन, दार लावून उशीत तोंड घालून खोकायचे. मग २१ ऑगस्टला औरंगाबाद खंडपीठानं तबलिगी जमातीच्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले. माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केला, त्यांना बळीचा बकरा बनवल्यासारखं दिसतं, असं न्यायमूर्तींनी निकालात लिहिलं. अब्बांनी कात्रण कापलं, पेटीत ठेवलं आणि गॅलरीत जाऊन पोटभर खोकले. पुढच्या वर्षी गेले.

आता तुला वाटेल, ही बाई सगळं खापर टीव्हीवर फोडून स्वतः साळसूद बसली. थांब. जानेवारीत धाकटीची लेक पुण्याहून आली, पत्रकारिता शिकते ती. एसटीतून उतरली तीच डोक्याला हिजाब घट्ट बांधून. आमच्या घरात हे कधी नव्हतं. दादी लुगड्यात, अम्मी पाचवारीत, मी तर तुझ्याबरोबर वेणीत अबोली माळून फिरलेली. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत मी विचारलं, ‘कुणी सांगितलं तुला हे?’ ‘खाऊन आलीस का’ नाही, ‘प्रवास कसा झाला’ नाही. २०२२ साली उडुपीच्या कॉलेजातल्या मुलींवरून ज्या चर्चा चालल्या होत्या, त्यातला तो ओरडणारा अँकर माझ्याच घशातून बोलत होता. पोरगी माझ्याकडे बघून हसली आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, ‘खाला, तुमे बी टीव्हीवालेच निकले ना!’

दोन दिवसांनी, तुतीच्या झाडाखाली बसून तिनं आपणहून सांगितलं. थोडं मनातून आलं, थोडं मैत्रिणींचं बघून, थोडा हट्ट. ‘वैसे बी सब घूरतेच, तो घूरने दो.’ मला तो रुमाल अजून आवडत नाही, तुझ्यापाशी खोटं बोलणार नाही. पण जी मुलगी माझ्या मांडीवर मुतली, तिला पाहून मला आधी ‘विषय’ दिसला आणि मग मुलगी दिसली, हे त्याहून आवडलं नाही. तिच्या अभ्यासात एडवर्ड सैद यांचं ‘कव्हरिंग इस्लाम’ नावाचं पुस्तक आहे, १९८१चं. इराणमध्ये अमेरिकन लोकांना ओलीस धरलं तेव्हा तिकडच्या वार्ताहरांनी इस्लाम कसा रंगवला, त्यावरचं. ती मला नावातली गंमत समजावत होती, की कव्हर करणं म्हणजे बातमी देणं आणि कव्हर करणं म्हणजे झाकणं. मी म्हटलं, बाई गं, हे मला नको शिकवूस. दर जूनमध्ये मी पन्नास वह्यांना कव्हरं घालते आणि दर ऑगस्टमध्ये आत काय आहे ते विसरते.

आणि आता मुख्य गंमत. एवढं पत्र मी त्या गमतीसाठीच लिहितेय.

यंदा पाडवा ३० मार्चला, रविवारी होता. संध्याकाळी वहिनी गुढी उतरवत होत्या आणि मी गच्चीवर चंद्र शोधत होते. तो त्यांनाच आधी दिसला. हातात साखरेची गाठी घेऊन ओरडल्या, ‘अगं, तिकडं कुठं बघतेस, निलगिरीच्या शेंड्यावर बघ!’ म्हणजे सोमवारी ईद. सकाळी नऊला दारात एक पोरगा, खांद्याला कॅमेरा, छातीला चॅनेलचं कार्ड. चॅनेल कुठलं ते सोड, तू शोधत बसशील. म्हणाला, ‘मॅडम, पाडवा आणि ईद लागून आलीय, श्रीखंड-शीरखुर्मा असं पॅकेज करायचंय. तुमचा एक बाईट आणि शेजारणींचा एक. गोटखिंडीसारखं काहीतरी.’

गोटखिंडी तुला माहीत असेल, सांगली जिल्ह्यातली, वाळवा तालुक्यात. पावसात भिजेल म्हणून गणपती मशिदीत आणला आणि १९८० सालापासून तो तिथंच बसतो. मला त्या गावाचं खरंच कौतुक आहे. पाऊस आला, मूर्ती भिजू नये, छप्पर जवळ कुठलं, एवढा सरळ विचार. पण दर भाद्रपदात दहा दिवस तिथं कॅमेरे जातात, आणि उरलेल्या दिवसांत त्या गावातल्या मुसलमानांच्या उसाला काय दर मिळाला, पोरं कुठं नोकरीला लागली, याचं पॅकेज काही कुणी करत नाही. तसं बघ ना, चॅनेलवर आम्ही दोनच वेळा येतो. एकदा स्फोट झाला की, आणि एकदा शीरखुर्मा झाला की.

पोरगा गोड होता. घामाघूम झालेला, घरी आई वाट बघत असेल असा. मी त्याला आत घेतलं. शीरखुर्मा दिला, त्यानं दोन वाट्या खाल्ल्या. मग कॅमेरा लावून म्हणाला, ‘मॅडम, जरा पदर डोक्यावरून घ्याल? म्हणजे लगेच कळतं.’

‘काय कळतं?’

‘म्हणजे... फील येतो.’

मी खणाची साडी नेसलेली, केसांत मोगरा. म्हटलं, ‘बाळा, हा पदर इतकी वर्षं खांद्यावर आहे, त्याला आता चढ चढवत नाही.’ तो हिरमुसला. तेवढ्यात अंगणात वहिनी आल्या. श्रीखंडाचा डबा घेऊन, पिस्त्याच्या रंगाच्या लखनवी ड्रेसमध्ये, ऊन लागतं म्हणून ओढणी डोक्यावरून गच्च. टिकलीच्या गोंदानं त्यांना पुरळ येतं, म्हणून कपाळ मोकळं. दोघींचे बाईट झाले. मी बोलले शीरखुर्म्यात खारीक किती वेळ भिजवायची त्यावर. वहिनी बोलल्या शेजारधर्मावर, अगदी व्याख्यान दिल्यासारख्या. नावं त्यानं वहीत नीट लिहून घेतली.

रात्री पॅकेज लागलं. चाळीस सेकंद. माझा चेहरा आला आणि खालच्या पट्टीवर, अगं, काय असावं? ‘हिंदू शेजारीण’! वहिनींच्या चेहऱ्याखाली, ‘मुस्लिम गृहिणी’. तिकडं ऑफिसात बसलेल्या कुणीतरी वही न बघता चेहरे बघितले आणि निकाल देऊन टाकला. भाची तर हसून हसून दिवाणावरून खाली पडली. माझे हे गंभीरपणे म्हणाले, ‘चला, घरबसल्या घरवापसी झाली.’ खालच्या प्रतिक्रियाही आम्ही मोठ्यानं वाचल्या. एकानं लिहिलं होतं की या मुस्लिम ताईंचं मराठी किती शुद्ध आहे, आपल्या लोकांनी शिकावं. दुसऱ्यानं लिहिलं होतं की हे सगळं ढोंग असतं. म्हणजे वहिनी एका रात्रीत आदर्शही झाल्या आणि ढोंगीही. मला कुणी काहीच म्हटलं नाही. शीरखुर्म्याची कृती सांगणारी हिंदू शेजारीण, एवढीच. तुला सांगते, चाळीस सेकंद का होईना, इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

वहिनींना आधी मजा वाटली. मंगळवारी बाजारात कुणीतरी ‘ईद मुबारक’ म्हणालं तर त्यांनी ऐटीत ईदी मागितली. पण गुरुवारी भाजी घेऊन आल्या त्या तणतणतच. टीव्हीवर वक्फच्या विधेयकाचा गदारोळ चालू होता, मी तो बंद केला. पिशवी ओट्यावर आपटून म्हणाल्या, ‘त्या नव्या किराणावाल्यानं मला ओळखलं. काय म्हणाला असेल? म्हणे, ताई, तुमचं मराठी फार छान आहे हो. आणि वर विचारतो, तुमच्याकडे सगळं ठीक ना? अगं, माझं सासर वाईचं, माहेर मेढ्याचं! साठ वर्षं मराठीच बोलतेय मी!’

मी आलं किसत होते. म्हटलं, ‘मी पण.’

वहिनी पुढं काही बोलणार होत्या. बोलल्या नाहीत. उभ्याउभ्या कोथिंबिरीची जुडी सोडवायला लागल्या. मग बऱ्याच वेळानं, जुडीकडेच बघत म्हणाल्या, ‘चहात गवती चहा टाक.’ आम्ही चहा घेतला. त्यानंतर आज सकाळी त्या हा सुंठवडा घेऊन आल्या, नेहमीपेक्षा मोठ्या वाटीत. त्याबद्दल दोघीही काही बोललो नाही. तू असतीस तर बोलबोल बोलली असतीस आणि सगळ्याचा विचका केला असतास, म्हणून एका परीनं बरं झालं तू तिकडं आहेस.

वाटी संपली, कागदही संपत आला. त्या पॅकेजची लिंक तुला पाठवते. तुझ्या त्या ऑफिसातल्या बाईला दाखव आणि यातली कोण कोण ते ओळखायला सांग. अब्बांच्या पेटीत ठेवण्यासाठी भाचीनं त्याचा छापील फोटो काढून दिलाय, खालच्या पट्टीसकट. मालेगावच्या कात्रणांखाली ठेवावा की वर, ते अजून ठरत नाही. तूर्त तो फ्रिजवर लावलाय.

मे महिन्यात ये. तुती तोवर संपेल, पण जांभळं असतील, करवंदं असतील, आणि तुझं ते वळण आहेच. येताना कादंबरी मागू नकोस.

आणि हो, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. आपल्याकडे ठीक आहे. पाऊस अजून दोन महिने लांब आहे.

तुझीच,
मुलाणीण